परदेशी जाताना औषधपाण्याची तजवीज

आपल्या वस्तीतली मुलगी किंवा मुलगा परदेशी शिकायला निघाला की विहारात सत्कार होतो. त्रिसरण-पंचशील होते, शाल आणि पुष्पगुच्छ होतो, वक्ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांची आठवण काढतात आणि आईच्या डोळ्यांना धार लागते. हे सगळे व्हायलाच पाहिजे. ज्या घरात आजोबांनी अंगठा उठवला, त्या घरातली नात लंडनला निघाली, ही साधी गोष्ट नव्हे. पण आजवर अशा एकाही सत्कारात 'तिकडे आजारी पडलीस तर कुठे जाशील, आणि पैसे कोण भरेल?' असा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

घरातही तेच. फी, व्हिसा, तिकीट, कुकर, मसाले, थंडीचे कपडे यांवर महिनाभर चर्चा चालते. प्रकृतीचा विषय निघाला तर 'तरणाताठा पोरगा आहे, त्याला काय होणार' म्हणून तो संपतो. वास्तविक परदेशात एक रात्र इस्पितळात काढावी लागली तर इथल्या पाच-सात वर्षांच्या बचतीवर पाणी फिरू शकते. आपल्याकडे ती बचतही बहुधा भिशीची, पतपेढीच्या कर्जाची किंवा आईच्या पाटल्या मोडून आलेली असते. तेव्हा या वेळचा लेख याच विषयावर.

आरोग्य विमा म्हणजे श्रीमंतांचे किंवा कंपनीवाल्यांचे प्रकरण, असा एक समज समाजात आहे. तो आधी दूर करू. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कारखान्यातील कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगाराने थोडे भरायचे, मालकाने जास्त भरायचे, आणि आजारपणात उपचार हक्काने मिळवायचे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, अशी ती कल्पना आहे. योगायोग असा की ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एन.एच.एस., तीही १९४८ सालच्या जुलैतच सुरू झाली. आपली बरीच मुले आज जातात ती त्याच ब्रिटनला, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्यास आरोग्य अधिभार भरावा लागतो. हा अधिभार २०१५ सालापासून आहे. तेव्हा विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला १५० पौंड होता. वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आणि इतर बहुतेक प्रौढांसाठी १०३५ पौंड झाला. हा पैसा वर्षावर्षाला भरायचा नसतो. व्हिसा जितक्या मुदतीचा, तितक्या सगळ्या मुदतीचा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबर एकरकमी भरायचा असतो. इथेच पालक फसतात. कोर्स एक वर्षाचा, म्हणून ७७६ पौंडांची तयारी ठेवतात. पण एक वर्षाच्या पदव्युत्तर कोर्सला व्हिसा मिळतो तो कोर्सच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे चार महिने धरून. म्हणजे सतरा महिने. वर्षाच्या वरचे जे महिने राहतात ते सहा किंवा त्याहून कमी असतील तर अर्ध्या वर्षाचा आणि त्याहून जास्त असतील तर पूर्ण वर्षाचा अधिभार लागतो. सतरा महिन्यांचे झाले ७७६ अधिक ३८८, म्हणजे ११६४ पौंड. आजच्या दराने हे सव्वा लाख रुपयांच्या पुढे जाते. व्हिसाची फी वेगळी.

पीएच.डी.साठी जोडीदार आणि मूल घेऊन जाणाऱ्याला तर प्रत्येकाचा स्वतंत्र भरणा करावा लागतो. चार वर्षांच्या संशोधनासाठी माणशी ३४९२ पौंड, तिघांचे दहा हजार पौंडांच्या वर. हा आकडा ज्याला शेवटच्या आठवड्यात कळतो त्याची काय धावपळ होते ती मी पाहिली आहे. सावकाराच्या दारात जाण्याची वेळ याच आठवड्यात येते.

शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता यांच्याबरोबर वैद्यकीय विम्याचा हप्ताही देय आहे. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीखाली निवड झालेल्यांनी निवडपत्र आणि शासन निर्णय ओळ न् ओळ वाचून आरोग्याच्या खर्चाची बाब आपल्या मागणीपत्रात शब्दांत आणि अंकांत नमूद करावी. भरणा केल्याची पावती, बँकेची नोंद आणि अधिभाराचा संदर्भ क्रमांक यांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. सरकारी कचेरीत जो कागद फाइलला लागलेला नसतो तो खर्च झालेलाच नसतो, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून सांगत आहे. आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता व्हिसाच्या आधी हातात पडेलच असे धरून चालू नये. अधिभारापुरती रक्कम बाजूला ठेवावीच. व्हिसा नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो. व्हिसा मिळाल्यावर मात्र, तुम्ही एकदाही दवाखान्यात गेला नाहीत तरी, तो परत मिळत नाही.

एवढे पैसे भरून मिळते काय? तर व्हिसा सुरू झाल्यापासून तिथल्या नागरिकाप्रमाणेच एन.एच.एस.चे उपचार. डॉक्टरची तपासणी, इस्पितळ, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांचे बिल येत नाही. जुना आजार आहे म्हणून कोणी अडवत नाही, आणि आजारी माणसाला जास्त, निरोग्याला कमी असा भेदही नाही. इंग्लंडमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यातच राहत्या भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवावे. तिथल्या फॅमिली डॉक्टरला जी.पी. म्हणतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून नोंदणी नाकारायची नसते, असा तिथला नियम आहे. आपली मुले आजारी पडेपर्यंत नोंदणी करत नाहीत आणि मग तापात फणफणत अर्ज भरत बसतात. तातडीची पण जीवावरची नसलेली तक्रार असेल तर १११ आणि जीवावरचा प्रसंग असेल तर ९९९ हे दोन क्रमांक पाठ असावेत.

औषधांचे मात्र इंग्लंडमध्ये पैसे पडतात. २०२५ साली चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स असा दर होता. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीवरची औषधे फुकट आहेत. एखाद्याला दरमहा दोन-तीन औषधे लागत असतील तर आगाऊ पैसे भरून वर्षाचे प्रमाणपत्र घेता येते. ते २०२५ साली ११४ पौंड ५० पेन्सला होते आणि त्यात हवी तितकी औषधे येतात. औषधे घ्याव्या लागणारा मधुमेह, अपस्मार, थायरॉईडची कमतरता, कर्करोग अशा काही आजारांत औषधांचे शुल्क माफ आहे; त्यासाठी डॉक्टरकडून अर्ज करावा लागतो. उत्पन्न अगदी कमी असलेल्या विद्यार्थ्यास एच.सी. १ हा फॉर्म भरून औषधे, दात आणि चष्मा यांच्या खर्चात सवलत मागता येते. मागण्यात कमीपणा काही नाही. दात आणि डोळे मात्र इथूनच तपासून जावे हे उत्तम. एन.एच.एस.चा दातांचा डॉक्टर सहजी मिळत नाही आणि खाजगी डॉक्टर परवडत नाही. दाढ भरायची असेल तर इथे भरा, आणि चष्मे दोन करून न्या.

मनाच्या आजाराबद्दलही दोन शब्द. डिसेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडतो, खोलीत एकटे, बरोबरचे भारतीय विद्यार्थी आडनाव विचारून अंतर ठेवणारे. असे अनुभव आपली मुले हळू आवाजात सांगतात. विद्यापीठात समुपदेशनाची सोय असते आणि इंग्लंडमध्ये नैराश्य-चिंतेसाठी जी.पी.च्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवण्याचीही सोय आहे. वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या गावी पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बांधवांनी उभारलेले विहारही आहे. लाज न बाळगता या दारांशी जावे.

आता जाण्यापूर्वीच्या तपासणीकडे वळू. भारतातून सहा महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्यास क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. तो त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातूनच घ्यावा लागतो. गल्लीतल्या डॉक्टरचा किंवा सिव्हिल सर्जनचा चालत नाही. छातीचा एक्स-रे काढतात. त्यात काही डाग दिसला तर बेडका तपासतात आणि त्या तपासणीला दोन महिनेसुद्धा लागू शकतात. दाटीच्या वस्तीत वाढलेल्या आपल्या अनेकांना लहानपणी क्षय होऊन गेलेला असतो. तो पूर्ण बरा झालेला असला तरी छातीवर जुना व्रण राहू शकतो. अशा मुलांनी प्रवेशपत्र हातात येताच आधी या तपासणीला जावे आणि जुन्या उपचाराचे कार्ड, औषधे पूर्ण केल्याचा दाखला बरोबर न्यावा. दाखला सहा महिने चालतो. तेव्हा फार घाई नको, पण शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबणे तर मुळीच नको.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगायचे तर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिनीत अडकतात आणि असह्य वेदना होतात. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्याला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून दोष आला तो एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तो एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. केंद्र सरकारने २०२३ सालच्या जुलैत या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरले आहे. तरीही आपल्या घरांत हा आजार झाकून ठेवतात. सोयरीक मोडेल, नोकरी जाईल, लोक काय म्हणतील. मुलीच्या बाबतीत तर जास्तच. परदेशी जातानाही आई-वडील बजावतात, 'तिकडे कोणाला सांगू नकोस.'

माझे स्पष्ट मत आहे की हा सल्ला मुलाच्या जिवाशी खेळणारा आहे. लांबच्या विमानप्रवासात पाणी कमी पडले, थंडी बाधली, तर याच आजाराचा झटका येऊ शकतो. अशा वेळी समोरच्या डॉक्टरला आजाराचे नाव कळले नाही तर तो पोटदुखीवर किंवा सांधेदुखीवर उपचार करत बसेल. ब्रिटनमधले डॉक्टर सिकलसेल ओळखतात. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची त्यासाठी तपासणी होते, आणि मोठ्या शहरांत त्याचे खास विभाग आहेत. पण तिथे हे रुग्ण मुख्यत्वे आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे. नागपूर-चंद्रपूरच्या मुलाकडे पाहून कोणाला ते सुचेलच असे नाही. आपणच तोंडाने सांगितले पाहिजे, आणि कागद पुढे केला पाहिजे. म्हणून रक्ततपासणीचा, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा, अहवाल, आतापर्यंतच्या झटक्यांची आणि रक्त चढवल्याची नोंद, घेतलेल्या लसी आणि चालू औषधे हे सगळे एका पानावर डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या चिठ्ठीसह बरोबर न्याव्यात. इंग्लंडच्या शुल्कमाफीच्या यादीत सिकलसेल नाही. तेव्हा वर सांगितलेले वर्षाचे प्रमाणपत्र अशा विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच काढावे.

देश निवडतानाही याचा विचार व्हावा. आपण विद्यापीठाचा क्रमांक पाहतो, फी पाहतो. मुलाला सिकलसेल, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर तिथली आरोग्याची व्यवस्था जुना आजार धरते की नाही हेही तितकेच पाहिले पाहिजे. ब्रिटन धरते, हे सांगितले. जर्मनीत तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा संस्थेत सवलतीच्या दराने जागा मिळते आणि आजाराच्या कारणावरून त्याला नाकारत नाहीत. तिशी उलटली की तो सवलतीचा दर मिळत नाही. आपली मुले उशिरा शिकतात, त्यांनी हे वय मोजून पाहावे. शिवाय सुरुवातीला स्वस्त दिसते म्हणून खाजगी विमा घेतला तर शिक्षण संपेपर्यंत सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा विमा सक्तीचा आहे, पण आधीपासून असलेल्या आजाराला सर्वसाधारणपणे पहिले बारा महिने तो लागू होत नाही. अमेरिकेत सरकारी छत्र नाही. विद्यापीठाची स्वतःची योजना महाग वाटते, पण तिच्यात जुने आजार बहुधा धरलेले असतात. त्याऐवजी बाहेरून घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत बहुधा नसतात. आणि तिथे पॉलिसी असली तरी सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. ती किती आहे हे हप्त्याच्या आकड्याआधी वाचावे.

जिथे जिथे विम्याचा फॉर्म भरायचा आहे तिथे आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिण्याचा मोह टाळावा. एजंट स्वतःच सांगतो, 'लिहू नका, हप्ता वाढेल.' त्याचे कमिशन त्याला मिळून जाते. दावा करायची वेळ येते तेव्हा कंपनी जुने केसपेपर मागवते आणि लपवले म्हणून दावा फेटाळते. तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही.

विद्यार्थ्यांचे इतके सविस्तर सांगितले, पण आपल्या समाजातून परदेशी जाणारे सगळेच काही विद्यार्थी नाहीत. वायरमन, पाइप फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या भगिनी असे कितीतरी जण दुबई, सौदी, कतार, ओमानला जातात. त्यांचा सत्कार विहारात होत नाही, ही आपली चूक आहे. व्हायला हवा, कारण घर तेच चालवतात.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असते. अशा माणसाला आखाती देश धरून अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी सक्तीची असते. ही योजना २००३ सालची, तिच्यात २०१७ साली सुधारणा झाली. त्या सुधारणेनुसार दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, आजारपणात इस्पितळाचा खर्च १ लाखापर्यंत, त्यात एका वेळी ५० हजारांपर्यंत. तीनशे-साडेतीनशे रुपयांत एवढे मिळते. पण आपल्या लोकांना हे माहीतच नसते, कारण हप्ता एजंटाने भरलेला असतो आणि पॉलिसी एजंटाच्या कपाटात असते. पराती कोसळून गेलेल्या एका कामगाराच्या पत्नीला अशी काही पॉलिसी होती हेच ठाऊक नव्हते. घरात पासपोर्टची झेरॉक्सही नव्हती आणि एजंटाचे ऑफिस बंद झालेले. नुसता पॉलिसीचा नंबर शोधायला सात-आठ महिने गेले. म्हणून विमानात बसण्यापूर्वी पॉलिसीची प्रत, पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार आणि मालकाचा पत्ता पत्नीच्या हाती द्यावा, नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते तिला दाखवावे, आणि मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी.

'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर नोकरीचा करून देतो' असे सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. त्या वाटेने गेलेल्याची नोंद सरकारकडे होत नाही, पॉलिसी होत नाही, आणि आजारी पडला तर मालकही ओळख दाखवत नाही. कोणी अशा संकटात सापडलाच तर भारतीय वकिलातीकडे २००९ सालापासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून अडलेल्यांना तातडीचे उपचार आणि मृतदेह मायदेशी पाठवणे यांसाठी मदत होते. वकिलातीत अर्ज करावा लागतो.

आखाती देशांसाठी जी वैद्यकीय तपासणी होते, जिला लोक अजून 'गामका' म्हणतात, ती पास झाली म्हणजे विमा झाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती तपासणी मालकाच्या आणि त्या देशाच्या सोयीची आहे, आपल्या उपचाराची नाही. तिच्यात छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क पाहतात, आणि दोष निघाला तर 'अनफिट'. एजंटाला पैसे देऊन, शेत गहाण टाकून मग अनफिट ठरलेल्यांचे हाल विचारू नका. त्याऐवजी पैसे देण्याआधी सरकारी दवाखान्यात या चार तपासण्या स्वतःहून करून घ्याव्यात. खर्च नगण्य येतो, आणि दोष निघालाच तर उपचार तरी वेळेवर सुरू होतात.

तिकडचा विमा वेगळा. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकावर कामगाराचा आरोग्य विमा काढण्याची सक्ती झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सर्व भागांत ती लागू आहे, घरकामगारही तिच्यात आले. सौदीतही मालकानेच विमा काढायचा असतो. हा हप्ता पगारातून कापायचा नसतो. करारात तशी ओळ असेल तर सही करण्याआधी विचारा. पोचल्यावर विम्याचे कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो घरी पाठवा आणि कुठल्या दवाखान्यात ते चालते ते पहिल्याच सुट्टीच्या दिवशी पाहून या. साध्या पॉलिसीत काही टक्के रक्कम आपल्याला भरावी लागते, तेवढे पैसे जवळ असू द्यावेत.

आखातात जाताना औषधांच्या पिशवीबद्दल फार सावध राहावे. इथे सहज मिळणारी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांसारखी औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत, ती विनापरवाना नेल्यास अटक होऊ शकते. शेजाऱ्याने 'माझ्या भावाला एवढे दे' म्हणून दिलेले पुडके तर मुळीच नेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. कुठल्याही देशात औषध नेताना मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावे, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडच्या केमिस्टला समजत नाही.

जाणाऱ्याचे झाले, मागे राहणाऱ्यांचे काय? आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत होतात. २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचे कार्ड मिळते. ही कार्डे मुलाने जाण्यापूर्वी काढून द्यावीत. यात एक बारीक पण नेहमीची अडचण आहे. आई-वडिलांच्या आधार कार्डाला मोबाइल नंबर मुलाचा जोडलेला असतो. मुलगा सिमकार्ड घेऊन लंडनला जातो, आणि इथे इस्पितळाच्या खिडकीवर आई उभी असताना ओटीपी तिकडे त्याच्या बंद पडलेल्या फोनवर जातो. तेव्हा जाण्यापूर्वी आई-वडिलांच्या आधारला त्यांचाच, किंवा घरात राहणाऱ्या भावंडाचा नंबर जोडून घ्यावा. शेजारच्या एका भरवशाच्या माणसाला कार्डे कुठे ठेवली आहेत ते दाखवावे.

ज्यांचा इथे मेडिक्लेम आहे त्यांनी परदेशी जाताना तो बंद करू नये. तो बहुतांशी भारतातल्या उपचारांपुरताच असतो, म्हणून तिकडे उपयोगी पडत नाही हे खरे. पण परत आल्यावर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा भारही कमी झाला.

शेवटचा मुद्दा भेटीला जाणाऱ्या आईचा. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण करायला आई दोन-तीन महिन्यांसाठी जाते. तिचा व्हिसा पाहुणीचा, म्हणून ब्रिटनमध्ये तिने अधिभार भरलेला नसतो आणि मुलाने भरलेल्या अधिभाराचा तिला काही उपयोग नाही. जी.पी.ची तपासणी आणि अपघात विभागातली पहिली मदत फुकट असते, पण इस्पितळात दाखल केले की पाहुण्यांना खर्चाच्या दीडपट बिल लागते. ते थकले तर पुढे व्हिसा अडतो. तिच्यासाठी प्रवासी विमा इथूनच, निघण्यापूर्वी घ्यावा. विमान सुटल्यावर इथल्या कंपन्या तो सहसा देत नाहीत. फॉर्मवर रक्तदाब, साखर जे असेल ते लिहावे आणि अशा आजारांवर पॉलिसी कितीपर्यंत खर्च देते ते आधी विचारून घ्यावे. पॉलिसीचा आणि कंपनीच्या मदत क्रमांकाचा कागद तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, मराठीत 'हे डॉक्टरला दाखवणे' असे वर लिहून, ठेवावा.